डिकीतली काठी

दिवाळी अंकात वादाचा लेख लिहायचा म्हणजे विषय भारदस्त हवा, अशी एक समजूत आहे. भाषेचा ऱ्हास, रंगभूमीचा ऱ्हास, तरुण पिढीचा ऱ्हास. ऱ्हास कोणता का असेना, पण तो हवाच! माझा विषय त्या मानाने अगदीच हलका आहे. हॅचबॅक म्हणतात त्या जातीच्या मोटारीचे मागचे दार, म्हणजे आपली डिकी, वर उचलून धरणारे जे दोन काळे दांडे असतात, त्यांच्यावरून मला भांडायचे आहे. आमचे मिस्त्री त्यांना शॉकअप म्हणतात. ते नाव तसे बरोबर नाही, कारण धक्के पचवणे हे त्यांचे काम नव्हे, भार पेलणे हे त्यांचे काम. पण नावावरून भांडण्याइतका मी रिकामा नाही. माझे भांडण आहे ते हे दांडे थकल्यावर डिकीत काठी आणून ठेवणाऱ्या सद्गृहस्थांशी, आणि त्या काठीला काटकसर म्हणून गौरवणाऱ्या आपणा सर्वांच्या वृत्तीशी.

ही काठी पाहायला दूर जावे लागत नाही. आपल्याच सोसायटीच्या वाहनतळावर एक फेरी मारा. कुणाच्या डिकीत फरशी पुसण्याच्या काठीचा तुकडा असतो, कुणाच्या डिकीत पडद्याची नळी, कुणाच्या डिकीत मुलाचा क्रिकेटचा स्टम्प. आमच्याकडच्या एका निवृत्त अधिकाऱ्यांनी तर शिसवी काठी खास मापाने कापून, तिच्या दोन्ही टोकांना रबरी टोप्या बसवून घेतल्या आहेत, आणि ती ते आल्यागेल्याला काढून दाखवतात. "तीन वर्षं झाली दांडे जाऊन. काही अडलं नाही!" मुलाला परदेशी नोकरी लागल्याचे सांगताना जो स्वर लागतो, तोच स्वर या वाक्याला लागलेला असतो.

अडत नाही हे खरे. पण कोणाचे अडत नाही? त्या गृहस्थांचे. डिकीत डोके घालून सामान लावण्याचे काम आपल्या घरांतून गृहस्थ सहसा करीत नाहीत. भाऊबीजेला माहेरी निघालेली बाई ते करते. चकलीचा डबा खाली, करंज्यांचा वर, लाडवांवर बॅग येऊ नये, चिवड्याची पिशवी कडेला. हे सगळे जमवताना ती कमरेत वाकून अर्धी डिकीत शिरलेली असते. काठी तिच्या खांद्याशी, कलती. डिकीची आतली बाजू गोलसर आणि गुळगुळीत. काठीला धरून राहायला तिथे खाच नाही की खोबण नाही. बॅगेचा एक धक्का पुरे. काचेसकट पंधरा-वीस किलोंचे दार खाली येते, आणि त्याच्या खालच्या कडेला कुलपाचे लोखंड असते ते आधी लागते. ते मानेवर लागणार की बोटांवर, एवढाच प्रश्न उरतो.

जिथे काठीही नसते तिथे काय करतात? "बाळू, धर रे जरा!" नऊ-दहा वर्षांचे पोर हात वर करून डिकीखाली उभे राहते. पगारी ड्रायव्हरला आपण असे उभे करणार नाही. तो दुसऱ्या दिवशी नोकरी सोडील. बाळूला सोडता येत नाही. त्याचे हात भरून येतात, शेजारी कोणी सुतळी बॉम्ब लावीत असतो, त्याचे लक्ष तिकडे जाते. हे दृश्य पाहून मला संताप येतो, आणि तो लपवण्याचे मला काही कारण दिसत नाही.

फियाट आणि अॅम्बॅसडर यांच्या दिवसांत हा प्रश्न एवढा नव्हता. त्यांची डिकी म्हणजे मागच्या पेटीचे झाकण. मागची काच गाडीलाच पक्की असे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली, मध्यमवर्गाची मोटार हळूहळू मागून आखूड झाली, आणि पुढे काचेसकट सबंध दारच वर उघडणे ही नित्याची गोष्ट झाली. एवढे दार पेलायचे तर साधी तार किंवा स्प्रिंग अपुरी पडते. वायूने भरलेला दांडा त्यासाठी आला. जर्मनीत कोब्लेंझ येथे स्टॅबिलस नावाचा कारखाना आहे. १९६० नंतरच्या दशकात त्याने मोटारींसाठी असले दांडे मोठ्या प्रमाणावर काढायला सुरुवात केली. आज जगातल्या कोट्यवधी गाड्यांची मागची दारे असल्या दांड्यांवर तोललेली आहेत.

या दांड्याच्या पोटात काय असते ते एकदा समजून घेतले पाहिजे. पोलादाचे एक नळकांडे, दोन्ही टोकांना कायमचे बंद केलेले. आत नायट्रोजन वायू दाबून भरलेला आणि थोडेसे तेल. एका टोकाच्या रबरी सीलमधून चकचकीत सळई बाहेर येते. तिच्या आतल्या टोकाला बारीक भोक असलेला दट्ट्या. भोकामुळे वायू दट्ट्याच्या दोन्ही अंगांना असतो आणि दाबही दोन्हीकडे सारखाच. मग सळई बाहेर का रेटली जाते? तर दट्ट्याच्या एका अंगाची काही जागा सळईनेच अडवलेली असते, म्हणून. तेवढ्या जागेवर उलट रेटा मिळत नाही, आणि तेवढाच जोर शिल्लक राहतो. सळई ८ मिलिमीटर जाडीची धरली तर ती जागा भरते साधारण अर्धा चौरस सेंटिमीटर. आतला दाब दर चौरस सेंटिमीटरला १०० किलो धरला, तर सळई ५० किलोंच्या जोराने बाहेर येऊ पाहते. दोन दांडे मिळून १०० किलो. वीस किलोंच्या दारासाठी एवढा आटापिटा कशाला, असे कोणी विचारील. त्याने आपल्या घराचे दार कडीपाशी न ढकलता बिजागरीपाशी ढकलून पाहावे. डिकीचे दांडे बिजागरीच्या जवळच रेटत असतात.

शंभर किलो दाब म्हणजे किती, ते स्वयंपाकघरात लवकर कळेल. कुकरची शिट्टी होते तेव्हा आत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो जादा दाब असतो. मोटारीच्या चाकात असतो सव्वादोन किलोंच्या आसपास. कुकरचा दाब उतरल्याशिवाय झाकणाला हात न लावणाऱ्या गृहिणीला या दांड्याशी कसे वागावे ते कोणी शिकवावे लागत नाही. शिकवावे लागते ते पुरुषांना.

कारण पुरुषांना गॅस भरून घ्यायचा असतो! "काका, नवे कशाला घेता? भोक पाडून व्हॉल्व्ह बसवतो, गॅस भरतो, पहिल्यासारखं करून देतो," असे सांगणारे गृहस्थ प्रत्येक शहरात भेटतात, आणि त्यांच्या भोवती माझ्यासारखे चार पेन्शनर कौतुकाने उभे असतात. कारखान्यांतल्या यंत्रांसाठी झडप असलेले दांडे मिळतात आणि ते योग्य साधनांनी भरताही येतात, हे मला ठाऊक आहे. मोटारीच्या दांड्याला तशी झडप नसते. तो उघडण्यासाठी बनवलेलाच नाही. त्याच्या अंगावर तशी सूचनाही छापलेली असते. थकलेल्या दांड्यातही पुष्कळ दाब शिल्लक राहतो, आणि त्याला भोक पाडणे म्हणजे शिट्टी न काढता कुकरला छिद्र पाडणे. बरे, पाडले. भरणार काय? टायरवाल्याच्या कंप्रेसरची धाव दहा किलोंच्या आसपास संपते. शिवाय साध्या हवेत प्राणवायू असतो, आत तेल असते, आणि भारी दाबाखाली ही दोन एकत्र आली तर पेट घेण्याचे भय असते. कारखानदार नायट्रोजन वापरतो तो काही चैन म्हणून नव्हे. तो कोरडा असतो, पोलाद गंजवीत नाही, आणि तेलाला जाळीत नाही.

इथे माझे काही मित्र मला अडवतील. "तुम्ही दुरुस्तीचा कैवार घेणारे, आणि आता 'फेका, नवे आणा' म्हणता?" आक्षेप रास्त आहे. जोड्याला तळवा घालून घेणाऱ्या, छत्रीची काडी बदलून घेणाऱ्या पिढीतला मी आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे. गाडीवाल्या कंपन्यांची वकिली तर मी मुळीच करणार नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार-कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांच्या वर दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात मिळू न देणे, हा त्यांच्यावरचा ठपका. कंपन्या अपिलात गेल्या. पण दुखणे काय आहे ते त्या निकालाने चव्हाट्यावर आणले. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या कक्षेतही मोटारी होत्या. हा हक्क मला हवाच आहे. मात्र दुरुस्तीचा हक्क म्हणजे प्रत्येक वस्तू फोडण्याचा हक्क नव्हे. गाडी ही दुरुस्त करायची वस्तू. दांडा हा तिच्यातला झिजणारा भाग. तो बदलणे हीच गाडीची दुरुस्ती. छत्रीची काडी मोडली तर आपण काडी बदलतो, काडीला टाके घालीत नाही.

माझा आग्रह आहे तो वेगळ्याच ठिकाणी. तो भाग वाजवी किमतीत, कोणत्याही दुकानात, नंबर सांगून मिळाला पाहिजे, आणि तो बसवायला मोठ्या वर्कशॉपची पायरी चढावी लागू नये. एका वर्कशॉपने मला, दोन दांड्यांबरोबर बिजागऱ्याही "सेटमध्येच" घ्याव्या लागतील, असे तोंड वर करून सांगितले. बिजागऱ्या ठणठणीत होत्या. मी उठून बाहेर आलो आणि पलीकडच्या गल्लीतल्या सुट्या भागांच्या दुकानात गेलो. तिथे जुन्या दांड्यावरचा आकडा वाचून, लांबी आणि टोकांची खोबण ताडून, नेमकी जोडी दहा मिनिटांत मिळाली. किंमत एका नव्या टायरपेक्षा कमी.

आता काटकसरीविषयी. टायरपेक्षा कमी किमतीची ही जोडी तीन वर्षे न घेणारे गृहस्थ त्याच तीन वर्षांत गाडीला नवी सीट-कव्हरे घालतात, सुगंधाची कुपी टांगतात. खंडेनवमीला आणि दसऱ्याला गाडी धुऊन, झेंडूचा भला मोठा हार घालून, नारळ फोडून, लिंबू-मिरची बांधून तिची पूजा होते. पूजेला माझा विरोध नाही. हत्यारांना वर्षातून एकदा हळदकुंकू वाहणारा आपला समाज मला आवडतो. पण ज्या दिवशी सुताराने किंकरे पुजायचे त्या दिवशी त्याने ते पारजलेलेही असते. आपण डिकीवर स्वस्तिक काढतो आणि डिकी उघडून काठीच लावतो! हार चारशे रुपयांचा.

याला हल्ली 'जुगाड' असे कौतुकाचे नाव मिळाले आहे. शब्द हिंदीतून आला आणि बरोबर प्रतिष्ठा घेऊन आला. २०१२ साली तर 'जुगाड इनोव्हेशन' या नावाचे इंग्रजी पुस्तकच निघाले, आणि व्यवस्थापनाच्या वर्गांतून आपल्या दोरी-चिंध्यांवर व्याख्याने होऊ लागली. मराठीत या गोष्टीला जुने आणि जास्त प्रामाणिक नाव आहे: वेळ मारून नेणे. अडल्या वेळी वेळ मारून नेली पाहिजे, हे मलाही मान्य आहे. आंबोलीच्या घाटात रात्री दांडा गेला तर काठीच काय, बांबू लावा. पण घाट उतरल्यावर तीन वर्षे मारलेली वेळ ही वेळ राहत नाही, ती रीत होते. आणि रीत झाली की तिला रबरी टोप्या बसतात. ज्याच्याजवळ पैसे नाहीत त्याने वेळ मारून नेली तर मी त्याला दोष देणार नाही. ज्याच्याजवळ पैसे आहेत आणि मान दुसऱ्याची आहे, त्याचे कौतुक माझ्याच्याने होत नाही.

बरे, दांडे एकाएकी जात नाहीत. ते महिनोन्महिने सांगत असतात. डिकी पूर्वी अर्ध्यावरून आपोआप वर जाई, ती आता हाताने न्यावी लागते. पुढे वर गेलेली हळूच दोन बोटे खाली येते. थंडीत हे आधी कळते, कारण वायू गार झाला की त्याचा दाब उतरतो: एप्रिलातल्या ४० अंशांना जो दांडा भक्कम असतो, तो महाबळेश्वरच्या ५ अंशांच्या पहाटे आपले सुमारे अकरा टक्के बळ घालवून बसतो. चांगल्या दांड्याला तेवढी तूट सोसते. थकलेला तिथे मान टाकतो. सळईवर तेलाची पुसट झाक असली तर चिंता नको, पण तेल ओघळू लागले की समजावे. ही परीक्षा पहाटेच्या गारव्यात करावी, दुपारी तापलेल्या गाडीवर नव्हे. आणि करताना डोके बाहेर ठेवावे.

दांड्याला मारते कोण? मुख्यतः धूळ. सळईवर बसलेली धूळ दर उघडझापीला सीलला कानशीसारखी घासते. अमेरिकेत जनरल मोटर्सने २०१५ साली सात लाखांहून अधिक गाड्या परत बोलावल्या, त्या याच कारणाने: विजेवर उघडणाऱ्या डिकीच्या दांड्यांत धूळ शिरून ते अकाली झिजत आणि दार अंगावर येई. लोकांना इजा झाल्यावर हे घडले. आपल्या धुळीविषयी मी वेगळे काय सांगू? कोकणात तिच्या जोडीला खारा वारा. सळईवर गंजाचा एक खडबडीत ठिपका पडला की सील फाटायला तेवढा पुरे. म्हणून गाडी पुसताना या दोन सळयांवरून मऊ, कोरडे फडके फिरवावे. बस्स. ग्रीस लावू नये. ग्रीसला धूळ चिकटते. गाडी रंगवताना सळईवर रंगाचा फवारा उडू देऊ नये. ओले टॉवेल, पिशव्या तिला लटकवू नयेत. आणि सळईभोवती पक्कड आवळून किंवा पाइपाचा चिरलेला तुकडा बसवून दार अडवण्याची जी नवी विद्या निघाली आहे, ती तर दोन्हीकडून घातक: पक्कडीच्या दातांचा ओरखडा सळईवर राहतो, आणि पाइप कधी निसटेल याचा नेम नाही.

जास्त जोराचे दांडे आणून बसवणारे वीरही मी पाहिले आहेत. ४०० न्यूटनांच्या जागी ६००, म्हणजे "मजबूत काम"! मग कुलूप सुटताच दार उसळून हनुवटीवर बसते, आणि बिजागरीशी पत्रा रोज ओढला जातो. कंपनीने ठरवलेला आकडा तोच योग्य. मागे शिडी किंवा जड दिवे लावून दाराचे वजन वाढवले असेल तरच त्याचा वेगळा विचार.

बदलणे मात्र जोडीनेच. दोघे एकाच दिवशी कामाला लागलेले असतात. एक गेला म्हणजे दुसराही वाटेवर असतो, आणि एक नवा व एक जुना ठेवला तर दार पिळवटते. आमच्याकडे हे काम सूनबाईने केले. डिकी पुरती उघडून मी काठी धरून उभा राहिलो. काठीचे खरे काम एवढेच, आणि तेही माणसाने हातात धरून. तिने बारीक स्क्रू ड्रायव्हरने टोकाच्या खोबणीवरची पोलादी क्लिप किंचित उचलली, जुना दांडा गोळीवरून ओढून काढला, आणि नवा, जुना ज्या दिशेने होता त्याच दिशेने, 'टक्' आवाज येईपर्यंत दाबून बसवला. ही दिशा महत्त्वाची. डिकी बंद असताना सळई खालच्या अंगाला राहिली तर आतले तेल सीलवर राहून त्याला ओले ठेवते, आणि उघडताना शेवटच्या टप्प्यात दट्ट्या तेलात शिरून दाराचा वेग आवरतो. एक बाजू पुरी झाल्यावरच दुसरी. काही गाड्यांत क्लिपऐवजी बोल्ट असतात, तिथे पान्हा लागतो. सगळे मिळून वीस मिनिटे. त्यातली पाच मी सूचना देण्यात घालवली, असे तिचे म्हणणे आहे.

राहता राहिले जुने दांडे. ते माळ्यावर टाकू नयेत, पोरांच्या हाती देऊ नयेत, होळीत तर चुकूनही जाऊ देऊ नयेत. तापल्यावर आतला वायू काय करील ते सांगायला नको. भंगारवाल्याला देताना त्याला सांगावे, कारण लोखंड सुटे करायला तो ते यंत्राखाली कापायला घेतो, आणि कापणारे बहुधा पंधरा-सोळा वर्षांचे पोर असते. मी दोन्ही नळकांड्यांवर तांबड्या रंगाने 'कापू नये, आत दाब आहे' असे लिहिले आणि मगच ते आमच्या भंगारवाल्याकडे नेले. त्याने अक्षरे वाचली, एकवार माझ्याकडे पाहिले, आणि दांडे तराजूत न टाकता बाजूला भिंतीशी उभे करून ठेवले.